अप्पांच्या पेटीतला आवाज

दादा,

पेटी चालू आहे. तू असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून पहिलं हेच सांगते. आवाज स्पष्ट येतो. हिरव्या ओळीतलं शेवटचं बटण अडकतं, दोनदा दाबावं लागतं. बाकी सगळं तू ठेवलंस तसंच आहे.

लोक किती आले, कोण किती रडलं, तुझ्याबद्दल काय काय बोलले, हे तू विचारलं नसतंस. चांगलं बरंच बोलले. त्यातलं एक वाक्य जरी तू जिवंत असताना कोणी तोंडावर बोललं असतं तर तुझ्या हातातला चहा सांडला असता. आता बोलायला धोका नव्हता, म्हणून बोलले.

तेरावं उरकून मी पनवेलला परत आले. घरातले सगळे आपापल्या कामाला गेलेत आणि मी ओट्याशी स्टूल ओढून तुला हे लिहिते आहे. आज काय जोडलं, काय जळलं, काय चाललं, हे इतके दिवस तू मला कळवायचास. या वेळी मी कळवते. आणि सुरुवातीपासून कळवते. तुला सगळं माहीत आहे, पण तू नेहमी वायरींच्या बाजूने सांगितलंस. एकदा माझ्या बाजूने ऐक.

आपले अप्पा सावर्ड्याला भाताची गिरण चालवायचे. गिरणीच्या धडधडीवरून ओरडून ओरडून त्यांना तशी सवय लागली, असं आई लोकांना सांगायची. ते खोटं होतं. गिरण बंद असली तरी ते तसेच बोलायचे. आणि हळू बोलले असते तरी तेवढंच लागलं असतं. तुला त्यांनी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. गाढवा, इकडे ये. गाढवा, पट्टा धर. तू दहावी चांगल्या मार्कांनी सुटलास तेव्हा ते पेढे घेऊन आलेल्या माणसाला म्हणाले, “गाढव पास झालं.” तो माणूस हसला. तूही हसलास.

नंदा वहिनी घरात आली. काही वर्षं गेली, मूल झालं नाही, आणि अप्पांनी तिच्यासाठी एक शब्द निवडला. तो ते भर पडवीत, आल्यागेल्यासमोर वापरायचे. तू तेव्हा जेवत असलास तर जेवत राहायचास. वहिनी खेडला माहेरी गेली ती गेलीच. तू आणायला गेला नाहीस. लोट्याच्या कंपनीत तू मीटर-गेजची दुरुस्ती करायचास, पाळी संपली की कंपनीच्या बसने घरी यायचास आणि मागच्या पडवीत सोल्डरिंगचा धूर करत बसायचास. लोकांचे पंपाचे स्टार्टर, मिक्सर, जुने रेडिओ. माणसांपेक्षा तुझं त्यांच्याशी जास्त बोलणं व्हायचं.

मग अप्पांच्या घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. घरी आले तेव्हा गळ्याला श्वास घ्यायला भोक होतं आणि त्यावर आईने शिवलेला पांढरा रुमाल. ते तोंड उघडायचे, ओठ हलायचे, कपाळावरची शीर फुगायची आणि नुसता वारा यायचा.

दादा, आपल्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. मी तेव्हाही हे बोलले होते. तू गेलास म्हणून ते बदललेलं नाही.

आईने आयुष्यात पहिल्यांदा माजघरात रेडिओ लावला. शेजारणी पडवीत येऊन बसायला लागल्या. अप्पांना काही हवं असलं की ते काठी आपटायचे, हातवारे करायचे. आईला नको असलं की ती पाठ करायची. बस. पाठ केली की त्यांचं बोलणं संपलं. गणपतीला मी आले होते तेव्हा ती पाठ करून मोदकांची उकड मळत होती, मागे काठी आपटत होती, आणि तिचा चेहरा असा होता की मी बघत राहिले. भांडण जिंकलेल्या बाईचा नव्हता. ती नुसती उकड मळत होती.

आणि तू ठरवलंस की अप्पांना बोलता आलं पाहिजे.

हॉस्पिटलने गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून येणारा आवाज एकसुरी, भुंग्यासारखा. अप्पांनी ते विहिरीत टाकलं. पाटीवर लिहायचं तर हात थरथरे. तू फोनमध्ये बोलणारं ॲप घालून दिलंस, पण गिरणीत राबलेली ती निबर बोटं, काचेला त्यांचा स्पर्शच कळेना. शिवाय त्यातून कोणीतरी बाई बोलायची. फोनही विहिरीत जायचा, तू वेळेवर काढून घेतलास.

त्यानंतर तुझे निरोप सुरू झाले. तोपर्यंत आपण भाऊबीजेला बोलायचो, नाहीतर कोणी आजारी पडलं की. आता रोज काहीतरी यायला लागलं. “विजेच्या बोर्डाचा जुना डबा मिळाला. सहा बटणं बसतात.” “बटणं बेलची घेतली. मोठी हायत, म्हाताऱ्या बोटांना बरी.” “लॅपटॉपची मेलेली बॅटरी फोडली, आतले दोन सेल जिवंत निघाले.” आणि मग एका दुपारी, “बाय, पेटी आज ‘पाणी’ बोलली.” खाली फोटो. उघडा डबा, वायरींचा गुंता, आणि बाजूला तुझा अंगठा, भाजलेला.

पाणी, चहा, हो, नाही, दुखतं, संडास. पहिल्या पेटीत एवढे शब्द होते. अप्पांनी सगळी बटणं एकेक करून दाबली, सगळं ऐकलं आणि पेटी अंगणात भिरकावली. तुझा निरोप आला, “पहिली पेटी माडाच्या बुंध्यावर आपटली. स्पीकर जिवंत आहे.” मी ऑफिसात होते. मला हसू आलं आणि तुझा रागही आला. संध्याकाळी फोन केला तर तू म्हणालास, “चूक माझीच. त्यांना मागायचं नाय, बाय. त्यांना बोलायचं आहे.”

“तेच तर,” मी म्हटलं. “कशाला बोलायला हवंय त्यांना?”

“माणूस आहे.”

“त्या आवाजाने वहिनी गेली.”

तू म्हणालास, “माणसाला बोलता आलं पाहिजे. काय बोलतो तो त्याचा प्रश्न.”

“आणि जो ऐकतो त्याचं काय?”

“त्याचं मशीन वेगळं. ते मी नाय बनवत.”

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल. दरवेळी तू तिथेच येऊन थांबायचास, आणि दरवेळी मी फोन ठेवताना ठरवायची की उद्या तुझा निरोप वाचायचा नाही. आणि वाचायची. दुसऱ्या पेटीत मुंग्यांनी घर केलं, अंड्यांसकट, ते तू रंगाच्या ब्रशने कसं झाडून काढलंस. पावसाळी हवेने बटणांचे पत्रे गंजले आणि “हो” दाबलं की “नाही” यायला लागलं, “अप्पांना त्याचं काही वाटलं नाही, नाहीतरी ते नाहीच म्हणतात.” तू इतका गमतीदार माणूस आहेस हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. ते त्या पेटीमुळे कळलं, आणि ती पेटी मला नको होती. आता यावर काय करायचं ते मला कळत नाही. तुलाही कळलं नसतं, तू विषय बदलून बॅटरीवर गेला असतास.

आईने तुला सरळ सांगितलं होतं. मी तिथेच होते, दिवाळीला. तू तिसऱ्या पेटीसाठी फणसाच्या लाकडाची फळी तासत होतास. आई तुझ्यापुढे चहा ठेवून उभी राहिली.

“कशाला रे परत आणतोस तो आवाज? बरं चाललंय ना.”

तू फळीवरून हात फिरवलास. “आई, त्यांना आतल्या आत किती कोंडल्यासारखं होत असेल.”

“होऊ दे,” आई म्हणाली.

तिने आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलेलं मी ऐकलं नव्हतं. ती दोन शब्द बोलली आणि कप उचलून गेली, तू चहा प्यायला नव्हतास तरी. तू परत फळी तासायला लागलास.

आवाज कोणाचा घ्यायचा हा पुढचा प्रश्न निघाला. तुला अप्पांचाच हवा होता. “त्यांचा आवाज त्यांना परत द्यायचा,” असं तू लिहिलं होतंस. घरात त्यांच्या आवाजाचं काही नव्हतं, फक्त माझ्या लग्नाची कॅसेट. ती तू चिपळूणला देऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीस आणि सुट्टीचा अख्खा दिवस कानाला हेडफोन लावून बसलास. सनई, भटजी, बायका, भांडी. अप्पा सापडले ते पंगतीत. तू ताक वाढत होतास, हात हलला, ताक कोणाच्या तरी पानात सांडलं, आणि मागून अप्पा, “ह्या गाढवाला कोणी वाढायला उभा केला?” पुढे सगळी पंगत हसते.

तू मला तो तुकडा पाठवलास. त्याखाली लिहिलंस, “एवढंच मिळालं. पण आवाज काय खणखणीत होता बघ.”

एका वाक्यातून पेटी भरत नाही, म्हणून तू स्वतःचा आवाज घेतलास. तुमचे आवाज सारखेच होते. लहानपणापासून लोक फोनवर फसायचे. तू नेहमी खालच्या पट्टीत बोलायचास म्हणून घरात ते कोणाच्या लक्षात यायचं नाही इतकंच. तिसऱ्या पेटीत पुष्कळ बटणं होती, रंगांच्या ओळी केलेल्या, प्रत्येकावर एक शब्द, आणि काळं बटण दाबलं की त्याच बटणांवर दुसरे शब्द. शब्दाला शब्द जोडून वाक्य. तू सकाळच्या पाळीवरून आलास की जेवून न्हाणीघरात बसायचास, अंगावर गोधडी घ्यायचास, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि एकेक शब्द फोनमध्ये बोलायचास. जेवण. गरम. थंड. उशीर. कुठे. कशाला. आता. दार. बंद. घरातल्या सगळ्यांची नावं भरलीस. आईचं, माझं, आत्याचं, शेजारच्यांची, कुत्र्याचं. मी विचारलं, “तुझं?”

“मला कुठे नावाने हाक मारतात? बटण फुकट जाईल.”

मग अप्पांनी पाटीवर वाकड्या अक्षरात लिहून दिलं की शिव्या हव्यात.

ते तू मला अगदी साध्या निरोपासारखं कळवलंस. “आज शिव्या भरल्या.” एक साठीला टेकलेला माणूस जेवणानंतर न्हाणीघरात गोधडी पांघरून बसतो आणि स्वतःला गाढव, नालायक, भिकारडा म्हणतो, बाप त्या परत ऐकवील म्हणून. संध्याकाळी दुसरा निरोप आला, “नापास. अप्पा म्हणतात जोर नाही.” दुसऱ्या दिवशी तू त्या परत भरल्यास, जोराने. आई सांगते, ती मागच्या दारी भांडी घासत होती, आणि न्हाणीघरातून तो आवाज आला आणि तिच्या हातातलं भांडं सुटलं. तिला वाटलं अप्पांना आवाज फुटला.

तेवढ्यात एक गोष्ट झाली जी तू मला नीट सांगितली नाहीस. नुसतं लिहिलंस, “एक शब्द हवा म्हणतात. नाय भरणार.” पुढे दोन दिवस तुझं काहीच आलं नाही. मी आईला फोन केला तेव्हा कळलं की अप्पांनी पाटीवर वहिनीचा तो शब्द लिहून तुझ्यापुढे धरला होता. तू पाटी घेतलीस, ओल्या फडक्याने पुसलीस आणि परत त्यांच्या हातात दिलीस. त्यांनी परत लिहिला. तू परत पुसलास. असं बराच वेळ चाललं म्हणे, तू उठलाही नाहीस, बोललाही नाहीस, फक्त पुसत राहिलास, शेवटी त्यांनी खडू फेकून दिला. आई हे सांगताना हसत होती की रडत होती ते फोनवर कळेना.

पेटी पुरी झाली त्या दिवशी तू मला व्हिडिओ कॉल लावलास. अप्पा आरामखुर्चीत, मांडीवर फणसाची पेटी, वर रंगीत बटणं. त्यांनी चष्मा नीट केला, बोट बटणांवरून फिरवलं. थांबले. मग तुझा आवाज आला, शब्दाशब्दात फट ठेवून. “गाढव. उशीर. केलास.”

तू हसलास. इतका मोकळा हसलास की फोन हलला आणि मला छप्पर दिसलं. “झालं, बाय. पहिलं वाक्य. एकदम क्लिअर आहे की नाय?”

मी म्हटलं, “क्लिअर आहे.”

मला तेव्हा मागे आई दिसली होती, दाराशी. तुला दिसली नाही. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा रेडिओ बंद होता. मी विचारलं तर म्हणाली, “आता पाठ केली तरी ऐकू येतं.”

यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. करायचं राहून गेलं असंही नाही, तू गेलास म्हणून करावं असंही मला वाटत नाही. तिला उतारवयात थोडी शांतता मिळाली होती आणि ती तू स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आवाजाने काढून घेतलीस, एका माणसासाठी ज्याने तुझ्यासाठी एवढंसंही केलं नाही. तू चांगला होतास म्हणून केलंस असं सगळे म्हणतात. मला वाटतं तुला त्यांच्याशिवाय जमत नव्हतं. ते गप्प झाले तर तू कोण, हे तुला कळेना.

शेवटचा निरोप सकाळच्या पाळीवरचा. “आवाज वाढव म्हणतात. मोठा ॲम्प्लिफायर मागवलाय.” मी लिहिलं, “त्यापेक्षा कापूस मागव.” तू हसणारं तोंड पाठवलंस.

बसमध्ये तू रोज झोपायचास हे सगळ्यांना माहीत होतं. सावर्डं आलं की कोणीतरी हलवायचं. त्या दिवशी तुझ्या शेजारचा चिपळूणलाच उतरला होता, आणि बाकीच्यांना वाटलं दुसरा कोणी उठवील. बस सावर्ड्यावरून पुढे गेली. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर मागे आला आणि म्हणाला, “अहो, घर गेलं मागे.” तू खिडकीला डोकं टेकून होतास. डॉक्टरांनी सांगितलं हृदय बंद पडलं, कधी ते सांगता येत नाही. म्हणजे सावर्ड्याच्या आधी की नंतर, ते कोणालाच कळलं नाही. ड्रायव्हर दहाव्याला आला होता. तो मला दोनदा म्हणाला, “रोज हाक मारायचो हो.” मी त्याला पाणी दिलं. दुसरं काही द्यायला नव्हतं.

तुला नेलं तेव्हा अप्पा खुर्चीतच होते. रडले नाहीत. पेटी बाजूच्या स्टुलावर, तिला त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडवीत बसले होते, आई, मी, आत्या, आणखी चारसहा बायका. अप्पांनी पेटी मांडीवर घेतली. बोट बराच वेळ बटणांवरून फिरत होतं. नावांच्या ओळीवर गेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागे आलं. सगळ्या बघत होत्या. मग त्यांनी दाबलं.

“गाढव.”

तुझा आवाज होता, दादा. त्या माणसांनी भरलेल्या पडवीत तू बोललास. आई भिंतीला टेकली. आत्या मोठ्याने रडायला लागली, म्हणाली, “नाव शोधतोय गो बिचारा. नाव नाय त्यात. बापाचं काळीज.” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही ते खरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पुढे होऊन त्यांच्या खुर्चीशी बसले. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि परत दाबलं.

“चहा.”

मी उठून चहा ठेवला. साखर जास्त झाली असणार, कारण पेटीने लगेच “गोड” आणि “कशाला” असं सांगितलं. आत्या अजून रडतच होती.

ते नाव शोधत होते की हाक मारायचा नेहमीचा शब्द शोधत होते, मला माहीत नाही. दोन्ही खरं असेल. तू असतास तर पहिलंच खरं धरलं असतंस आणि पुढच्या सुट्टीत तुझ्या नावाचं बटण बसवायला घेतलं असतंस. म्हणून तुला सांगताना मी चहाचंही सांगते.

वहिनी दहाव्याला आली. कोणी बोलावलं नव्हतं. केस पांढरे झालेत, बाकी तशीच. अंगणात चप्पल काढली, आईच्या पाया पडली, दोघी हात धरून बसल्या. अप्पांना ती ओळखू आली. तिला पेटीचं काही माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत उशीर झाला.

“आता. कशाला. आली.”

“आता” तू मऊ बोलला होतास, दादा. “आता औषध” यासाठी भरला असशील तो. “आली”सुद्धा मऊ, बस आली, पोस्ट आली, त्यातला. एवढ्या प्रेमळ आवाजात ते वाक्य कोणी कोणाला बोललं नसेल. वहिनीने आधी दाराकडे बघितलं, मग तुझ्या फोटोकडे, मग अप्पांच्या मांडीकडे. मी तिला कसंबसं समजावलं, पेटी, शब्द, तू भरलेले. तिने मान हलवली, पर्स उचलली आणि आईला म्हणाली, “येते मी.” अंगणात चप्पल घालताना मला म्हणाली, “हे त्यांच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं.”

मी तिच्याबरोबर हायवेपर्यंत चालत गेले. एसटी यायला वेळ होता. मला वाटलं, तुझ्या बाजूचं एक तरी तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून पाटीचं सांगितलं. अप्पांनी शब्द लिहिला आणि तू पुसलास, परत लिहिला, परत पुसलास, आणि तो शब्द आजही पेटीत नाही.

“कुठला शब्द?” तिने विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं. ती रस्त्याकडे बघत राहिली. ट्रक जात होते. मला वाटलं रडेल.

“तेव्हा जेवत होते,” ती म्हणाली.

तिने पर्सचा बंद खांद्यावर नीट केला.

“मी वाट बघायचे. म्हणजे भांडावं असं नाय. नुसता हातातला घास खाली ठेवला असता तरी मी राहिले असते.” एसटी आली. तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, माझंच माणूस गेलंय आणि ती समाचाराला आली आहे असा. चढताना वळून म्हणाली, “पुसलान, बरं केलान.” मग गाडी गेली.

तर हे तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं. तिने तुला पुरतं माफ केलेलं नाही. पण बरं केलंस म्हणाली. तुझ्यासाठी कोणी बोललेल्या वाक्यांत हे एकच मला खरं वाटलं, आणि ते तू ऐकायला नव्हतास.

आता आईचं. हे सांगायला मी इतका वेळ लावला.

तेराव्याला माणसं पांगली तेव्हा मी तिला सरळ विचारलं. “आई, मी ती पेटी घेऊन जाऊ का? बिघडली म्हणून सांगू. परत कोणी दुरुस्त करणारं नाय. तुला तेवढीच शांतता.” मी खरंच नेणार होते. पिशवीत जागाही करून ठेवली होती.

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “चार्जर कुठला लागतो तिला? बारक्या तोंडाचा की मोठ्या?”

“आई, मी काय विचारत्ये?”

“बारक्या तोंडाचा दिसतोय. एक जास्तीचा आणून ठेव. हा तुटला तर?”

मी पिशवीतली जागा परत भरून टाकली. निघायच्या दिवशी मी बघितलं. ती खुर्चीपाशी गेली आणि अप्पांना म्हणाली, “चहा हवा?” पेटी म्हणाली, “नाही.” ती आत गेली, फडकं घेऊन आली, स्टूल पुसलं. “भात घालू लवकर?” “नाही.” “पंखा लावू?” अप्पा चिडले. ते चिडणार हे तिला इतक्या वर्षांनंतर माहीत नव्हतं का? त्यांनी लाल ओळीवर बोट आपटलं आणि तुझा आवाज जोराने आला, जो तू दुसऱ्यांदा भरलास तो, अप्पांना पास झालेला. “नालायक. गप्प. बस.”

आई गप्प बसली. तिथेच, खुर्चीच्या पायाशी, फडकं हातात घेऊन. थोड्या वेळाने म्हणाली, “पाणी तरी हवं?”

तू तिची शांतता नेलीस, दादा, आणि स्वतःही गेलास. आणि आता ती त्या माणसाला दिवसभर डिवचत बसते, शिव्या खायला. त्याला काय कळतं आणि काय कळत नाही ते मला माहीत नाही. पण काल आईने सांगितलं, हल्ली ते पहिल्यासारखे “हो”, “नाही”वर भागवत नाहीत. लांब लांब बोलतात. जी बटणं कधी दाबली नव्हती तीही दाबतात. ती हे सांगत होती ते एखाद्याची तब्येत सुधारते आहे अशा सुरात. मी विचारलं, “काय बोलतात?” ती म्हणाली, “काय बोलायचंय? तेच ते. शिव्या.”

आज सकाळी मी फोन केला. आई गिरणीजवळची फणसाची झाडं, आत्याचा गुडघा, असं काय काय बोलत होती. मागून तू म्हणालास, “फोन. ठेव. आता.”

आई बोलायची थांबली. मीही. दोघी फोन कानाला लावून बसलो, तू आणखी काही बोलतोस का ते ऐकत.